सामूभाऊंचं चौथं कडवं

शमुवेल नगराळे यांनी एकूण त्रेसष्ट गाणी लिहिली. हा आकडा माझा आहे, त्यांचा नाही. त्यांना विचारलं तर ते "असतीन पन्नासेक" म्हणत आणि विषय बदलत. मी आमच्या मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा, मानद सेक्रेटरी, नोकरी जिल्हा परिषदेत आकडेवारीच्या टेबलावर; मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्रेसष्टांपैकी एकच गाणं लोकांना माहीत आहे, आणि तेही पाऊण. त्या पाव हिश्शाबद्दल मला लिहायचं आहे, कारण तो घालवण्यात माझा हात आहे.

आम्ही त्यांना सामूभाऊ म्हणायचो. सेवाग्रामच्या दवाखान्यात ते ड्रेसर होते. जखमा धुणं, पट्ट्या बदलणं, एवढंच काम त्यांनी एकतीस वर्षं केलं. माणूस बुटका, अंगात नेहमी पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, नखं कापून कापून पार मुळापर्यंत नेलेली. निवृत्त झाल्यावरही त्यांच्या अंगाला स्पिरिटचा वास यायचा. माझी बायको म्हणायची, "सामूभाऊ येऊन गेले वाटते," आणि ते खरंच येऊन गेलेले असायचे.

माझ्या मांडीवर गळू झालं होतं, तेव्हा मी त्यांच्या हाताखाली गेलो. कापूस जखमेला चिकटून वाळला होता. त्यांनी ट्रेवर बोटांनी ठेका धरला आणि काहीतरी गुणगुणायला लागले. मी ऐकत राहिलो. तिसऱ्या आवर्तनाला एकदम कळ आली आणि पाहतो तर पट्टी त्यांच्या हातात.

"सांगून ओढाची ना," मी म्हणालो.

"सांगतलं असतं तं तुमी पाय आखडून घेतला असता. समेवर ओढली का मानसाले उशिरा समजते."

गाणं लिहिण्याचीही त्यांची हीच रीत होती. त्यांच्या बहुतेक गाण्यांत प्रभूचं नाव शेवटच्या कडव्यापर्यंत येतच नसे. आमच्यातल्या काही म्हाताऱ्यांना ते खटकायचं. हे कसलं ख्रिस्ती गीत, तीन कडवी झाली तरी येशूचा पत्ता नाही. त्यावर सामूभाऊ म्हणायचे, "नाव पहिलेच घेतलं तं आपलेच लोक ऐकतेत. बाकीचा मानूस दाराबाहेरच राह्यते. त्याले आत येऊ द्या, बसू द्या, पानी पिऊ द्या. मंग सांगा घर कोनाचं हाय ते." शेवटच्या कडव्यात दोन नावं असायची: आधी "शमुवेल म्हणे", मग प्रभूचं. जुन्या पदांमध्ये कवी आपलं नाव शेवटी गुंफतात, तसं.

त्यांची पेटी जुनी होती आणि तिची एक काळी पट्टी मुकी होती. दुरुस्तीला नेऊ म्हटलं तर नको म्हणाले. त्या एका सुराला चुकवून त्यांनी सगळ्या चाली बांधल्या. आमच्या पोरांनी नवी पेटी आणली तेव्हाही सामूभाऊंची बोटं त्या जागेवरून उडी मारूनच जायची.

महत्त्वाकांक्षा म्हणावी अशी गोष्ट त्यांना एकच होती. तरुणपणी दोनदा रेडिओच्या चाचणीला जाऊन नापास झाले होते. त्याचं त्यांना फार वाटत नसे. मंडळीने गाणं म्हटलं याचंही त्यांना कौतुक नव्हतं. "मंडळी म्हननच. तिले दुसरं काम काय हाय रविवारी?" त्यांना हवा होता पिपरी मेघेच्या चौकातला पानठेलेवाला बबन. बबन बौद्ध होता, चर्चशी त्याचा संबंध नाही, आणि गाण्याचा शौकीन. नवं गाणं झालं की सामूभाऊ संध्याकाळी त्याच्या ठेल्यावर जाऊन उभे राहत, सुपारी मागत आणि हळूच चाल गुणगुणत. नजर मात्र बबनच्या पायावर. पाय हलला तर गाणं जमलं. मी त्यांच्यासोबत कितीदा तरी उभा राहिलो आहे. बबनचा पाय बहुधा हलायचा नाही. मग सामूभाऊ सुपारी न खाताच खिशात टाकायचे आणि म्हणायचे, "चला सेक्रेटरी, नाई झालं."

मंडळीतल्या तरुणांची नवी गाणी त्यांना आवडत नसत. गिटार, ड्रम आणि हिंदीत 'तेरे बिना, तेरे बिना'. एकदा तरुणसंघाच्या कार्यक्रमानंतर त्यांनी पोरांना विचारलं, "हे तुमी येशूले म्हनून राह्यले का कोन्या पोरीले?" पोरं हसली. सामूभाऊ हसले नाहीत. "गान्यातून त्याचं नाव काढून पाहा. मांगं जे उरते, तेच तुमचं खरं गानं." हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं होतं. ते त्यांच्यावरच उलटेल असं तेव्हा दोघांनाही वाटलं नाही.

ज्या गाण्याची गोष्ट सांगतोय ते त्यांनी निवृत्तीच्या वर्षी लिहिलं. एक बाई आपल्या दारी आलेल्या अनोळखी वाटसरूची हकीकत सांगते. सुरुवात अशी:

कोण आलं माझ्या दारी, पाय धुळीनं माखलं
पाणी दिलं ओंजळीनं, नाव नाही विचारलं

दुसऱ्या कडव्यात ती त्याला भाकर वाढते. तिसऱ्यात:

हाती जखम दिसली, पट्टी केली पदराची
न सांगताच गेला तो, वाट उरली दाराची

आणि चौथ्यात:

खिळ्याची ती खूण होती, उमगलं मग मला
शमुवेल म्हणे, येशू माझ्या घरात जेवला

आठ-आठ अक्षरांचे चरण. मी मोजले आहेत, कुठे कमी-जास्त नाही. 'पाय माखलं' हे व्याकरणात बसत नाही असं मी त्यांना म्हणालो होतो. ते म्हणाले, "बाईच्या तोंडात बसते." एकतीस वर्षं लोकांच्या जखमा बांधलेल्या माणसाने जन्मात एकदा स्वतःच्या कामावर गाणं लिहिलं. ते ऐकून बबनचा पाय हलला. नुसता हलला नाही, चुना लावता लावता तो थांबला आणि म्हणाला, "भाऊ, पुन्हा म्हना बरं." त्या दिवशी सामूभाऊंनी सुपारी खाल्ली.

आता माझा भाग. आमचे पाळक, म्हणजे पाद्री, दोन मंडळ्या सांभाळत. आमची उपासना साडेनऊला सुरू व्हायची आणि अकराच्या ठोक्याला त्यांना हिंगणीच्या उपासनेसाठी निघावं लागे. उपदेश लांबायचा, गाणी लांबायची, हिंगणीची माणसं ताटकळायची. तक्रारी आल्या. पंचकमिटीने काम माझ्याकडे दिलं. मी चार रविवार घड्याळ लावून बसलो. एका कडव्याला धृपदासकट सरासरी एक मिनिट दहा सेकंद लागत होते. उपासनेत गीतं चार. प्रत्येकाचं एक कडवं कमी केलं तर चार मिनिटं चाळीस सेकंद वाचतात. मी टिपण केलं: यापुढे प्रत्येक गीताची पहिली तीन कडवी म्हणावीत.

सामूभाऊ कमिटीत होते. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "माह्या गान्यातलं दुसरं काढा. भाकर नाई वाढली तरी चालते. चौथं राहू द्या."

मी म्हणालो, "एका गाण्याला वेगळा नियम केला तर उद्या प्रत्येक जण आपलं आपलं सांगेल. नियम सगळ्यांना सारखा पाहिजे."

"तुमचं बराबर हाय," ते म्हणाले. मंजुरीला सगळे हात वर गेले. त्यांचाही गेला.

मी नियम पाळायला लावला. भिंतीवरच्या फळ्यावर गीताचे क्रमांक मीच लावायचो, आणि प्रत्येकापुढे खडूने '१ ते ३' लिहायचो. काही महिन्यांनी ते लिहिण्याचीही गरज राहिली नाही. तिसरं कडवं संपलं की मंडळी आपोआप पुस्तकं मिटून खाली बसायची. लहान मुलांना तर गीत तीन कडव्यांचंच असतं असं वाटायचं. उपासना अकराला पाच कमी असताना संपू लागली. वार्षिक सभेत माझं अभिनंदन झालं.

त्या काळात नागपूरचा निशांत नावाचा तरुण आमच्याकडे कीबोर्ड वाजवायला येई. मंडळीतल्या एका घरी त्याची मावशी होती. हाताला गोड, वागायला नम्र. दोन-तीन वर्षं आला, मग दिसेनासा झाला. काही काळाने माझ्या मुलीने मोबाइल पुढे केला, "बाबा, हे आपल्या चर्चचं गाणं ना?"

होतं आपलंच. गाणारा निशांत. चित्रफितीत हिरव्या साडीतली पोरगी विहिरीवर उभी, एक तरुण मोटरसायकलवरून येतो, गाडी घसरते, हाताला खरचटतं, ती पदर फाडून पट्टी बांधते, तो निघून जातो. 'वाट उरली दाराची' यावर तिचे डोळे भरून येतात आणि फीत संपते. खाली लिहिलेलं: गीत पारंपरिक. पाहणाऱ्यांचा आकडा मी तेव्हा टिपून ठेवला होता, पण महिन्याभरात तो इतका पुढे गेला की टिपण्यात अर्थ राहिला नाही. लग्नाच्या वरातीत बँडवाले ते वाजवू लागले. बसस्टँडवरच्या रसवंतीवर ते दिवसातून दहा वेळा लागायचं.

सामूभाऊंना ते कुणी सांगायच्या आधी बबननेच ऐकवलं. मी तिथे होतो. बबन पान लावता लावता तिन्ही कडवी म्हणत होता, दोन्ही पायांनी ठेका धरून.

"काय गानं हाय, भाऊ. लव्हस्टोरी हाय पुरी."

"त्याले चौथं कडवं हाय," सामूभाऊ म्हणाले.

"कोनाचं?"

सामूभाऊंनीच हे गाणं त्याला पहिल्यांदा म्हणून दाखवलं होतं, याची आठवण त्याला नव्हती आणि त्यांनी करून दिली नाही. रस्त्यात मला म्हणाले, "मी पोट्ट्यायले काय म्हनत होतो? नाव काढून पाहा, काय उरते ते. उरली ना लव्हस्टोरी."

मीच म्हणालो नागपूरला जाऊ. निशांतचा नंबर त्याच्या मावशीने दिला. फोनवर तो खूश झाला. म्हणाला, "बरं झालं काका, मलाही तुम्हालाच शोधायचं होतं. कंपनीला आता लिहिणाऱ्याची सही पाहिजे."

एसटीने गेलो. त्याची रेकॉर्डिंगची खोली दुसऱ्या मजल्यावर होती, भिंतींना काळा स्पंज लावलेला. चहा आला. त्याने सामूभाऊंच्या पाया पडून कागद पुढे ठेवला. पारंपरिक काढून तिथे शमुवेल नगराळे लिहिलं जाणार होतं, प्रत्येक ठिकाणी. नागपूरला एक मोठा कार्यक्रम होता, त्यात त्यांना स्टेजवर बोलावणार होते. पैशाचं सामूभाऊंनी विचारलंच नाही. त्यांनी कागदावरचे गाण्याचे शब्द वाचले. तीन कडवी होती.

"याच्यात चौथं टाका," ते म्हणाले. "मंग सही करतो."

"काका, चौथं टाकलं की ते चर्चचं गाणं होते. आत्ता ते सगळ्यांचं आहे."

"सगळ्यायचंच राहाव म्हनून तं शेवटी ठेवलं."

"शेवटपर्यंत थांबते कोण आजकाल?" निशांत हसून म्हणाला. मग गंभीर झाला. "खरं सांगू का, मला माहीतच नव्हतं चौथं कडवं आहे म्हणून. आम्ही गाणं कापलं असं तुम्हाला वाटत असेल. मी तुमच्याच चर्चमध्ये शिकलो हे. किती रविवार वाजवलं मी. तिथं तीनच म्हणायचे सगळे."

सामूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ते कपातल्या चहावरची साय बोटाने बाजूला करत राहिले आणि मग म्हणाले, "विचार करून सांगतो."

परतीच्या एसटीत ते खिडकीजवळ बसले. बुटीबोरी मागे पडली. मग विचारलं, "सेक्रेटरी, तुमी तं सगळंच लिहून ठेवता. आपल्या इथं हे गानं कितीदा झालं?"

"पाहावं लागेल."

"आनि चौथं कडवं कितीदा, तेबी पाहा."

मी घरी आल्यावर उपासनेच्या वह्या काढल्या. आमच्या वहीत तारीख, हजेरी, सुरू होण्याची वेळ, संपण्याची वेळ, गीतं आणि कडवी असे रकाने आहेत. ते रकाने मीच आखलेले. अकरा वर्षांत गाणं सेहेचाळीस वेळा झालं. चारही कडवी दोनदा. एकदा नियमाच्या आधी, गाणं नवं असताना, आणि एकदा पाळकांची गाडी पंक्चर झाली होती आणि त्यांची वाट पाहत वेळ काढायचा होता तेव्हा.

बायको म्हणाली, "काऊन सांगता त्यायले? मोघम सांगा. म्हना, दहा-बारा वेळा झालं असन." मी म्हणालो, त्यांनी विचारलं आहे. आकडा विचारलेल्या माणसाला खोटा आकडा देणं मला जमत नाही. आजही मला वाटतं, ते खरं होतं. आणि आजही मला वाटतं, तोंड बंद ठेवलं असतं तर बरं झालं असतं. दोन्ही एकाच वेळी वाटतं, त्याला इलाज नाही.

सकाळी जाऊन सांगितलं. ते ओट्यावर बसून नखं कापत होते.

"सेहेचाळीसमधून दोन," ते म्हणाले.

"हो."

"त्यातलं एक पंक्चरचं."

"हो."

पुढचं नख कापून ते म्हणाले, "मंग त्या पोट्ट्यावर काय रागवाचं. त्यानं तं पहिले कधी आयकलंच नाई. आपल्याच लोकायले चार मिनिटं जड झाली, तं बबनले काय म्हना?" मग आत गेले, कागद घेऊन आले आणि माझ्यासमोर सही केली. साक्षीदार म्हणून माझी घेतली. कागद मीच पोस्टात टाकला.

नाव आलं. गीत: शमुवेल नगराळे. जन्मभर हवा होता तो दाराबाहेरचा माणूस मिळाला होता, आणि नाव ज्या कडव्यात त्यांनी स्वतः गुंफलं होतं तिथून उचलून दुसरीकडे चिकटवलं होतं. नागपूरच्या कार्यक्रमाला ते गेले नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले. मंडळीला मात्र फार अभिमान वाटला. एरवी ज्यांना सामूभाऊंच्या गाण्यात प्रभूचं नाव उशिरा येतं म्हणून राग यायचा, तेच म्हातारे म्हणू लागले, "आमच्या मंडळीचं गाणं आहे." ते नाव पार निघून गेलं, तेव्हा कुणाची तक्रार राहिली नाही. शाल आणि पुष्पगुच्छ देऊन रविवारी उपासनेतच सत्कार करायचं ठरलं.

मी मनाशी एक ठरवलं होतं. त्या रविवारी फळ्यावर गाण्याच्या क्रमांकापुढे मी मोठ्या अक्षरांत लिहिलं: सर्व कडवी. कमिटीला न विचारता माझ्या हातून झालेलं ते एकमेव काम. सामूभाऊ पेटीवर बसले, त्यांनी फळा वाचला आणि माझ्याकडे पाहून मान किंचित हलवली. नागपूरनंतर त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं ते तेव्हाच.

मंडळी उभी राहिली. हजेरी एकशे चौदा. सत्कार म्हणून एरवी न येणारेही आले होते. गाणं कधी झालं नव्हतं इतकं जोरात झालं. मोबाइलवर ऐकून ऐकून सगळ्यांना पाठ होतं, पुस्तकाकडे कुणी पाहत नव्हतं. वाट उरली दाराची, धृपद, आणि एकशे चौदा माणसं खाली बसली. पुस्तकं मिटल्याचा तो ओळखीचा आवाज आला.

पेटी थांबली नाही. सामूभाऊंनी मधली सुरावट वाजवली, ती संपवली, चौथ्या कडव्याचा सूर धरला आणि थांबले. कुणी उचललं नाही. ते स्वतः गाऊ शकले असते. पण सामूभाऊ वाजवताना कधी गात नसत. म्हणायचे, गानं मंडळीचं, मी फक्त पट्टी धरतो. त्यांनी तो सूर पुन्हा एकदा धरला.

मला शब्द येत होते. खिळ्याची ती खूण होती. मी टाइप केलंय ते कडवं, मी अक्षरं मोजली आहेत. मी अजून अर्धवट उभा होतो, बाकाच्या कडेला हात ठेवून. सगळे बसलेले, माझा आवाज बेसूर, आणि समोरच्या घड्याळात अकराला सात कमी. मी घड्याळाकडे पाहिलं. मग बसलो.

सामूभाऊंनी चौथं कडवं पेटीवर पूर्ण वाजवलं, शब्दांवाचून, त्या मुक्या सुरावरून उडी मारत. शेवटची ओळ चालू असतानाच पाळक वेदीवरून म्हणाले, "आपण प्रार्थना करू या," आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या. शाल आशीर्वादानंतर दिली. टाळ्या झाल्या.

लोक बाहेर चहाला गेले. मी नेहमीप्रमाणे वही उघडून बसलो. हजेरी लिहिली, वेळ लिहिली, गीतांचे क्रमांक लिहिले. शेवटच्या गीताच्या कडव्यांच्या रकान्यात पेन थांबलं. फळ्यावर सर्व होतं. पेटीवर चार झाली होती. स्पिरिटचा वास आला म्हणून मान वर केली. सामूभाऊ शाल काखेत घडी करून उभे होते आणि वहीत पाहत होते.

"तीनच लिहा, सेक्रेटरी," ते म्हणाले. "झालं तेवढंच लिहाव."

मी तीन लिहिलं. शाई वाळेपर्यंत ते थांबले, आणि मग बाजूच्या दाराने, चहा न घेता, गेले.